खडखडणारी कळ आणि मोहरीएवढे वंगण



विज्ञानाचा शिक्षक भेटला की तो तुम्हाला एक उपदेश हमखास करतो : "उघडून पाहा!" घड्याळ बंद पडले, उघडून पाहा. विजेरी लागत नाही, उघडून पाहा. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना मीही वर्षानुवर्षे हाच उपदेश करत आलो आहे. तो चुकीचा आहे असे मी आजही म्हणणार नाही. पण त्याला एक पुस्ती जोडायला हवी असे माझे मत झाले आहे, आणि हे मत मला एका मुलाच्या नुकसानीतून आले, म्हणून ते तुमच्यापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

आमच्या इमारतीत अकरावीत शिकणारा एक मुलगा राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगचे काम करून त्याने पैसे साठवले आणि त्यातून संगणकाचा एक जुना मेकॅनिकल कीबोर्ड विकत घेतला. साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. त्यामुळे बोटांना तो सुखाचा वाटतो आणि टिकतोही पुष्कळ. या मुलाच्या कीबोर्डच्या बहुतेक कळा मऊ, दबक्या आवाजात चालत. पण स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि शिफ्ट या लांब कळा मात्र डब्यात खिळे हलवावेत तशा खडखडत.

आता तुम्ही म्हणाल, खडखडल्या तर खडखडल्या! पण त्यांचे घर एका खोलीचे. आई रुग्णालयात रात्रपाळीला जाते आणि निघण्यापूर्वी संध्याकाळी तीन-चार तास झोपते. याला संगणकावर बसायला वेळ मिळतो तोही तेवढाच. दर शब्दानंतर स्पेसबार वाजायचा आणि आई कूस बदलायची. तो मला विचारायला आला, "सर, काय करू?" मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "उघडून बघ. शिकशील."

आठ दिवसांनी तो कीबोर्ड एका पिशवीत घालून परत आला. त्याने तो खरोखरच उघडला होता. पण आतली रचना त्याला ठाऊक नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हती. अशा अनेक कीबोर्डमध्ये सगळे स्विच धातूच्या एका पत्र्यात बसवलेले असतात आणि त्यांचे पाय खालच्या सर्किट बोर्डाला सोल्डर केलेले असतात. पत्रा आणि बोर्ड यांना धरून ठेवतात ते हे स्विचच. त्याच्या कीबोर्डला ८७ कळा होत्या. प्रत्येक स्विचचे दोन पाय, म्हणजे १७४ जोड वितळवल्याशिवाय पत्रा सुटणार नव्हता. त्याने उसन्या आणलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने ते काम सुरू केले. उष्णता जास्त झाली की बोर्डावरची तांब्याची नाजूक चकती सुटून वर येते. तशा कित्येक चकत्या उखडल्या होत्या. जवळजवळ दोन ओळींतली अक्षरे मुकी झाली होती.

तो तक्रार करत नव्हता. एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत तसं उघडलं." मित्रहो, त्या वाक्याने मला जी शरम वाटली, ती कुठल्याही परीक्षकाने कधी वाटू दिली नव्हती.

मग आम्ही दोघे बसलो. कीबोर्ड गेलाच होता, तेव्हा तो पूर्ण उघडायला आता कोणाची हरकत नव्हती. आणि तेव्हा कळले की, खडखड थांबवण्यासाठी त्याला उघडण्याची गरजच नव्हती! कशी ते सांगतो.

प्रथम एक प्रयोग करा. टेबलावर एक खोडरबर ठेवा आणि त्याच्यावर मधोमध एक पट्टी ठेवा. पट्टीच्या बरोबर मध्ये दाबले तर रबर दबतो. टोकाला दाबले तर पट्टी सी-सॉसारखी कलते. स्पेसबारचे असेच आहे. बहुतेक कीबोर्डवर तो सुमारे ११९ मिलिमीटर लांब असतो आणि त्याच्या मध्यभागी स्विच मात्र एकच असतो. तुमचा अंगठा नेमका मध्यावरच पडेल असे नाही. टोकाला दाबल्यावर कळ कलेल, अडकेल आणि अक्षर उमटणार नाही.

हे टाळण्यासाठी लांब कळीच्या दोन्ही टोकांखाली एकेक सरकता दांडा असतो. तो प्लॅस्टिकच्या छोट्या घरात वरखाली होतो. दोन्ही दांडे पोलादी तारेने जोडलेले असतात. ही तार सुमारे दीड मिलिमीटर जाडीची, सरळ, आणि दोन्ही टोकांना काटकोनात एकाच बाजूला वाकवलेली असते. या सगळ्या जोडणीला स्टॅबिलायझर म्हणतात. डावे टोक दाबले की डावा दांडा तारेचा डावा पाय खाली नेतो. त्यामुळे तार स्वतःभोवती फिरते आणि तिचा उजवा पाय उजव्या दांड्याला तितकाच खाली ओढतो. कळ न कलता सपाट खाली जाते. तुम्ही कुठेही दाबा, दोन्ही टोके बरोबरच चालतात.

आता खडखड कुठून येते? तार फिरायला मोकळी हवी, म्हणून तिच्याभोवती थोडी फट ठेवावीच लागते. कळ खाली जाताना तार त्या फटीत एका बाजूला असते आणि वर येताना दुसऱ्या बाजूला. प्रत्येक वेळी पोलाद प्लॅस्टिकच्या भिंतीवर आपटते. तोच तो आवाज.

हे घरी दाखवता येते. जुन्या बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे दोन तुकडे टेबलावर एका रेषेत चिकटपट्टीने चिकटवा. सायकलचा जुना आरा किंवा तशीच ताठ तार त्यांतून ओवा आणि पकडीने तिची दोन्ही टोके एकाच बाजूला वाकवा. एक टोक उचला, दुसरे आपोआप उचलले जाईल. झाला तुमचा स्टॅबिलायझर! आता ती भराभर हलवा. खडखड ऐकू येईल. मग नळ्यांत थोडे व्हॅसलीन भरा आणि पुन्हा हलवा. आवाजात पडलेला फरक कानांनीच ऐका.

वंगणाने घर्षण कमी होते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. इथे मात्र वंगणाचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. ते फट भरते. द्रव पदार्थ वाहताना त्याच्या थराथरांत जो विरोध होतो, त्याला विष्यंदिता म्हणतात. पाण्याची विष्यंदिता कमी, मधाची जास्त. फटीत हवा असेल तर तार विनाअडथळा जाऊन भिंतीवर आपटते. फटीत घट्ट ग्रीस असेल तर तारेला ते बाजूला सारत जावे लागते. तिची गतिज ऊर्जा ग्रीसच्या थरांतच उष्णतेच्या रूपाने जिरते आणि आपटण्याला बळच उरत नाही.

ही ऊर्जा तरी किती? हलक्या स्विचची कळ दाबायला सुमारे ४५ ग्रॅम वजनाएवढे, म्हणजे ०.४५ न्यूटन बल लागते आणि ती सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते. बल स्थिर धरून गुणाकार केला तर काम होते ०.००१८ ज्यूल. यातलेही बरेचसे काम स्प्रिंग दाबण्यात जाते, आणि उरलेल्याचा अगदी छोटा अंश ध्वनी होतो. तेवढ्यानेही झोपलेले माणूस जागे होते, इतका आपला कान तीक्ष्ण आहे! पण याचाच दुसरा अर्थ असा की, एवढीशी ऊर्जा जिरवायला एवढेसे ग्रीस पुरते. त्यासाठी १७४ जोड वितळवण्याचे कारण नाही.

मग न उघडता वंगण कसे द्यायचे? आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, ऐका. कळ डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे दाबून आवाज कोणत्या टोकाचा आहे ते ओळखा. मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे तुमचे "आधीचे" निरीक्षण.

दुसरी, कीबोर्ड संगणकापासून सोडवा आणि लांब कळीची फक्त वरची टोपी काढा. त्यासाठी तारेचा चिमटा मिळतो. टोपी दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर ओढायची, तिरकी नाही. काही कीबोर्डमध्ये तार टोपीलाच अडकवलेली असते. टोपी जराशी उचलून आधी खाली डोकावा. तसे असेल तर घाई न करता तारेचे टोक सोडवा.

तिसरी, कोरड्या ब्रशने धूळ काढा. ही पायरी गाळू नका. धूळ आणि ग्रीस एकत्र आले की त्याचा घासकागदासारखा लेप तयार होतो.

चौथी, दांडा काडीने हलकेच खाली दाबून धरा. तार घरात शिरते ती जागा दिसेल. चित्रकलेच्या तासाला वापरता त्या शून्य नंबरच्या ब्रशाने, किंवा बोथट सुईच्या नव्या सिरिंजने, तिथे मोहरीच्या दाण्याएवढे ग्रीस लावा. दांडा आणि घराची भिंत यांच्यातल्या फटीतही ब्रशाचा नुसता स्पर्श करा. मधल्या स्विचकडे मात्र ग्रीस जाऊ देऊ नका.

पाचवी, दांडा तीस-चाळीस वेळा वरखाली करा, म्हणजे ग्रीस पसरेल. टोपी बसवा, पुन्हा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि ताडून पाहा. आधी एकाच टोकाला ग्रीस लावा, दुसरे तसेच ठेवा. दोन टोकांतला फरक हाच तुमचा पुरावा. कमी पडले तर आणखी एक मोहरी देता येते, जास्त झालेले मात्र न उघडता परत काढता येत नाही!

ग्रीस कोणते, हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे. इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. पहिला प्रयोग मी माझ्याच कीबोर्डवर केला, आणि घरात होते म्हणून शिवणयंत्राचे तेल घातले. ते पातळ. दोन दिवस आवाज कमी झाला आणि मग तेल केशाकर्षणाने फटीफटीतून पसरत निघून गेले. जागेवर राहिली ती चिकटलेली धूळ. ग्रीस म्हणजे तेलाला घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. विशिष्ट मर्यादेपेक्षा जास्त बल लागल्याशिवाय ते वाहत नाही, म्हणून लावले तिथेच राहते. खोबरेल तेलाच्या वाटेला जाऊ नका. ते सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते. थंडीच्या दिवसांत बाटलीत गोठलेले तुम्ही पाहिले असेलच. शिवाय कालांतराने ते खवट आणि चिकट होते. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, ते चांगले कोरडे वंगण आहे, पण ते विजेचे वाहक असल्याने सर्किटजवळ नको. नळीच्या प्रयोगात चालले ते व्हॅसलीनही इथे नको, कारण खनिज तेलातून आलेले पदार्थ काही प्लॅस्टिकांना आणि रबरांना मानवत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वीजरोधक सिलिकोन ग्रीस मिळते. ते वीज वाहू देत नाही आणि लवकर वाळतही नाही. तारेसाठी ते उत्तम.

माझ्या एका सहकाऱ्यांनी हे ऐकल्यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, "तुम्ही मुलांना यंत्र उघडायची भीती घालता आहात. उघडून केलेले काम जास्त चांगले होते." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तार वाकडी असेल, घराला तडा गेला असेल, किंवा जुने वंगण वाळून खडे झाले असतील, तर वरून लावलेले ग्रीस कामाचे नाही. तिथे उघडणे भाग आहे. काही नव्या कीबोर्डमध्ये स्विच सोल्डर न करता नुसते खोचलेले असतात, तिथे ते सोपेही आहे. पण पोट दुखते म्हणून वैद्य लगेच पोट फाडत नाही. तो आधी नाडी पाहतो, मग पुडी देतो, आणि पुडीने भागले नाही तर पुढचे पाऊल उचलतो. माझी पुस्ती एवढीच आहे : बंद पडलेले यंत्र जरूर उघडावे, चालते यंत्र आधी ऐकावे. आणि उघडायचेच असेल तर आधी तसलेच एखादे भंगारात निघालेले यंत्र उघडून हात बसवावा.

यंत्र न उघडता वंगण देण्याचा विचार हा काही आळशी माणसाचा विचार नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आगगाडीच्या इंजिनाला तेल देण्यासाठी गाडी पुन्हा पुन्हा थांबवावी लागे. एलायजा मॅकॉय हा गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेल्या आईबापांचा मुलगा. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे तो यंत्रविद्या शिकला. पण कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला मिशिगनच्या रेल्वेत अभियंत्याचे काम मिळाले नाही, कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम मिळाले. ते करता करता त्याने चालत्या इंजिनाला आपोआप तेल पाजणारे उपकरण बनवले आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला "ट्रायबॉलॉजी" हे नाव दिले. वंगणाकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा हिशेबही त्या समितीने मांडला. एका थेंबाचे अर्थशास्त्र असे मोठे आहे.

तुमच्या आजीचे शिवणयंत्र घरात असेल तर जवळ जाऊन पाहा. त्याच्या अंगावर जागोजागी छोटी छिद्रे आहेत. ती तेलासाठी आहेत. यंत्र बनवणाऱ्याने ज्या दिवशी ते बनवले त्याच दिवशी ठरवले होते की, घरातल्या माणसाला एकही स्क्रू न काढता तेल घालता आले पाहिजे. आजच्या कीबोर्डात असे एखादे छिद्र का नसावे? मोठेपणी तुमच्यापैकी जे यंत्रे बनवतील, त्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा. आणि तोवर शाळांनीही एक करावे. घर्षणाच्या धड्यात वंगणाचे फायदे पाठ करून घेण्याबरोबर एक तास दाराच्या बिजागरीला, सायकलच्या साखळीला आणि संगणक खोलीतल्या खडखडणाऱ्या कळांना वंगण देण्यासाठी राखून ठेवावा. कोणते, किती आणि कुठे, हे तीन प्रश्न ज्याला विचारता आले, त्याला तो धडा समजला असे मी मानीन.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. उखडलेल्या जागी बारीक तारेचे सांधे देऊन आम्ही काही अक्षरे जिवंत केली, सगळी झाली नाहीत. ज्या कीबोर्डवर मी तेलाची चूक केली होती, तो नीट पुसून आम्ही त्याच्या लांब कळांना ग्रीस लावले. लावले त्याने, मी फक्त विजेरी धरली. तो कीबोर्ड आता त्याच्याकडे आहे. चुकीचा उपदेश माझा होता, तेव्हा हे देणे मी लागत होतोच. आवाज अगदी गेला आहे असे नाही, पण कळ आता दबकी बोलते. परवा जिन्यात त्याची आई भेटली. तिला स्टॅबिलायझर वगैरे काही ठाऊक नाही. तिने एवढेच विचारले, "हल्ली हा संध्याकाळी अभ्यास करत नाही का हो? काही ऐकू येत नाही."